पायथनमध्ये फाइलच्या पाथमधून एक्स्टेंशन वेगळे काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपूर जिल्ह्यातील त्या वाचकांसाठी लिहिले आहे, ज्यांना स्कॅन केलेली कागदपत्रे, कार्यालयीन याद्या किंवा बाजारभावांचे तक्ते अशा फाइलींचे ढीग पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साहाय्याने आवरायचे आहेत. उदाहरणांतील आज्ञा आणि एक्स्टेंशने वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीतच टंकायची आहेत. फाइलींची मराठी नावे मात्र दिसतात तशीच समजावीत, कारण खालील बरेचसे प्रश्न त्या नावांमुळेच उभे राहतात.

प्रश्न : एक्स्टेंशन म्हणजे नेमके काय? ते कोण ठरवते?

फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबापासून पुढचा भाग म्हणजे एक्स्टेंशन, असा संकेत आहे, आणि तो केवळ संकेतच आहे. डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या काळात नावासाठी आठ व एक्स्टेंशनसाठी तीन अक्षरे अशा दोन वेगळ्या जागा डिस्कवरील नोंदीत राखलेल्या असत. मधले टिंब तर साठवलेही जात नसे, ते फक्त दाखवताना घातले जाई. त्या व्यवस्थेत एक्स्टेंशन ही फाइलची स्वतंत्र नोंद होती असे म्हणता येईल. युनिक्समध्ये तसे कधीच नव्हते. तेथे नाव म्हणजे अक्षरांची एक सलग माळ असते आणि टिंब हे त्यातील इतर अक्षरांसारखेच एक अक्षर असते. विंडोज 95 पासून लांब नावे आली आणि तेथेही एक्स्टेंशन हा नावाचाच एक तुकडा उरला.

पायथन हा तुकडा काढताना फाइल उघडत नाही, ती डिस्कवर आहे की नाही हेही पाहत नाही. त्याच्यासमोर असतो तो फक्त पाथचा, म्हणजे फोल्डरांसकट लिहिलेल्या फाइलच्या पत्त्याचा, मजकूर. पुढील सर्व उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

प्रश्न : सर्वांत सरळ मार्ग कोणता?

पायथन 3.4 पासून, म्हणजे 2014 पासून, भाषेसोबतच मिळणारे 'पाथलिब' हे मोड्यूल (तयार आज्ञांचा संच) वापरावे. त्यातील 'पाथ' या वर्गाला मजकूर दिला की एक पाथ वस्तू तयार होते आणि तिचे भाग नावानिशी मागता येतात.

पाथ('कळमना/संत्री-भाव.सीएसव्ही').सफिक्स → '.सीएसव्ही'
पाथ('कळमना/संत्री-भाव.सीएसव्ही').स्टेम → 'संत्री-भाव'
पाथ('कळमना/संत्री-भाव.सीएसव्ही').नेम → 'संत्री-भाव.सीएसव्ही'

'सफिक्स'चे उत्तर टिंबासकट येते. तुलना करताना हे टिंब विसरले जाते आणि अट कधीच खरी ठरत नाही. प्रोग्रॅम चालतो, चूक दाखवत नाही, पण काम शून्य होते. टिंब नको असल्यास ते मागाहून काढण्यापेक्षा, ज्या यादीशी तुलना करायची त्या यादीतच टिंब लिहावे, असे आम्ही सुचवतो.

प्रश्न : आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये 'ओएस.पाथ.स्प्लिटेक्स्ट' आहे. ते बदलावे का?

केवळ जुने आहे म्हणून बदलण्याचे कारण नाही. 'स्प्लिटेक्स्ट' पाथचे दोन तुकडे करून देते आणि ते दोन तुकडे जोडले की मूळ पाथ अक्षरशः जसाच्या तसा परत मिळतो, ही हमी फार उपयोगाची आहे. शिवाय ते बाइट्स स्वरूपातील नावेही स्वीकारते; पाथलिब ती स्वीकारत नाही. लाखो नावांवर फिरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नावासाठी पाथ वस्तू तयार करण्याचा भार टाळायचा असेल, तर 'स्प्लिटेक्स्ट' हलके पडते. नवीन लिखाणासाठी मात्र पाथलिब घ्यावे, कारण एक्स्टेंशन काढल्यानंतर पुढे फोल्डर शोधणे, नाव बदलणे, फाइल उघडणे ही कामे त्याच वस्तूवर करता येतात.

दोहोंत एक छोटा फरक आहे. पाथच्या शेवटी तिरकी रेघ असेल, उदाहरणार्थ 'जुने.डी/', तर पाथलिब ती रेघ गाळून '.डी' हे उत्तर देते, तर 'स्प्लिटेक्स्ट' रेघेनंतर काहीच नाही असे मानून रिकामे उत्तर देते.

प्रश्न : टिंबावर 'स्प्लिट' करून शेवटचा तुकडा घेतला तर काय बिघडते?

नावात टिंबच नसेल तर शेवटचा तुकडा म्हणजे संपूर्ण नाव, आणि तेच एक्स्टेंशन म्हणून पुढे जाते. फोल्डरच्या नावात टिंब असेल आणि फाइलच्या नावात नसेल, जसे 'अहवाल.जुने/यादी', तर उत्तर 'जुने/यादी' असे येते. शेवटच्या ऐवजी दुसरा तुकडा घेण्याचीही पद्धत दिसते. ती नावात दोन टिंबे आली की मोडते. यांतील प्रत्येक भगदाड एकेक अट घालून बुजवता येते, पण तेवढ्या अटी लिहून झाल्यावर हातात 'स्प्लिटेक्स्ट'चीच एक कच्ची नक्कल उरते.

प्रश्न : आमच्या फाइलींच्या नावांत 'ता.', 'जि.', 'ग्रा.पं.' अशी संक्षेपरूपे असतात. त्यांचे काय होते?

इंग्रजी मार्गदर्शिकांत हा प्रश्न भेटत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत. मराठी कारभारात संक्षेपानंतर टिंब देण्याची रीत पक्की आहे आणि नाव देणारा माणूस ती फाइलच्या नावातही पाळतो. एखाद्या फोल्डरचे, किंवा एक्स्टेंशन न लावलेल्या फाइलचे नाव असे असू शकते :

'मौजा कोराडी ता. कामठी जि. नागपूर'

यावर 'सफिक्स' मागितले, तर पायथन शेवटचे टिंब शोधते, ते 'जि'च्या पुढे सापडते आणि उत्तर मिळते '. नागपूर'. मधल्या रिकाम्या जागेसकट. 'स्टेम' मागितले तर 'मौजा कोराडी ता. कामठी जि' एवढेच हाती येते. पायथनच्या नियमाप्रमाणे हे बरोबरच आहे. एक्स्टेंशन किती अक्षरांचे असावे, त्यात रिकामी जागा चालते की नाही, याविषयी त्या नियमात काहीही म्हटलेले नाही.

खरे नुकसान पुढच्या पायरीवर होते. याच पाथवर 'विथ_सफिक्स' वापरून '.पीडीएफ' लावले, तर नवे नाव 'मौजा कोराडी ता. कामठी जि.पीडीएफ' असे होते आणि 'नागपूर' नाहीसे होते, कारण पायथनच्या लेखी ते जुने एक्स्टेंशन होते आणि ते बदलायलाच तुम्ही सांगितले होते. एकाच गावाच्या नावाच्या दोन मौजांच्या फाइली दोन वेगळ्या जिल्ह्यांतून आल्या असतील, तर दोन्हींचे नाव सारखे होऊन एक फाइल दुसरीवर लिहिली जाण्याचीही शक्यता असते.

तारखांचे तसेच. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत वेगवेगळ्या विभागांकडून मागवलेल्या माहितीच्या फाइली 'माहिती 07.12.2023 अंतिम' अशा नावांनी फिरतात. यात 'सफिक्स' म्हणून '.2023 अंतिम' मिळते. वर्ष, महिना, दिवस असा क्रम आडव्या रेघांनी लिहिला, म्हणजे '2023-12-07', तर टिंबाची अडचण राहत नाही आणि फाइली आपोआप तारखेच्या क्रमानेही लागतात. पण नावे देणारे हात आपले नसतात, म्हणून प्रोग्रॅमनेच सावध असावे हे बरे.

आमचा सल्ला असा की मराठी नावांच्या बाबतीत 'सफिक्स'चे उत्तर थेट मान्य करू नये. आपल्या कामात येऊ शकणाऱ्या एक्स्टेंशनांचा एक संच आधी लिहून ठेवावा आणि मिळालेले उत्तर त्या संचात असेल तरच ते एक्स्टेंशन मानावे, नसेल तर एक्स्टेंशन नाही असे धरावे.

ज्ञात = {'.पीडीएफ', '.जेपीजी', '.जेपीईजी', '.टिफ', '.सीएसव्ही', '.एक्सएलएसएक्स'}
शेवट = पाथ(नाव).सफिक्स.लोअर()
प्रकार = शेवट इफ शेवट इन ज्ञात एल्स ''

आणि एक्स्टेंशन नसलेल्या नावाला ते नव्याने जोडायचे असेल, तेव्हा 'विथ_सफिक्स' न वापरता 'विथ_नेम' वापरून जुन्या पूर्ण नावाच्या शेवटी '.पीडीएफ' चिकटवावे. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, वरील 'ज्ञात', 'शेवट', 'प्रकार' ही चलांची नावे पायथन 3 मध्ये खरोखरच देवनागरीत लिहिता येतात. 'इफ' आणि 'एल्स' मात्र रोमनच लागतात.

प्रश्न : टिंबाने सुरू होणाऱ्या किंवा टिंबावर संपणाऱ्या नावांचे उत्तर काय येते?

'.बॅशआरसी' किंवा '.गिटइग्नोअर' अशा लिनक्समधील छुप्या फाइलींना एक्स्टेंशन नाही असे पायथन मानते, कारण सुरुवातीचे टिंब हे नावाचाच भाग धरले जाते. '.सेटिंग.जेसन' असे नाव असेल तर दुसऱ्या टिंबापासून '.जेसन' मिळते.

'ग्रा.पं.' अशा टिंबावर संपणाऱ्या नावाबाबत आवृत्तीनुसार उत्तर बदलते. 'स्प्लिटेक्स्ट' अशा वेळी एकटे टिंब एक्स्टेंशन म्हणून देते. पाथलिब पायथन 3.13 पर्यंत रिकामे उत्तर देत असे आणि 3.14 पासून तेही एकटे टिंब देते. त्यामुळे 'सफिक्स रिकामे आहे का' एवढीच तपासणी करणारा जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर वेगळा वागू शकतो. विंडोज स्वतः नावाच्या शेवटची टिंबे व रिकाम्या जागा सहसा गाळून टाकते, म्हणून हा प्रसंग अधिक करून लिनक्सवर येतो.

प्रश्न : '.टार.जीझेड' पूर्ण कसे मिळवावे?

'सफिक्स' फक्त '.जीझेड' देते. अनेकवचनी 'सफिक्सेस' ही सर्व तुकड्यांची यादी देते आणि शेवटचे दोन तुकडे जोडले की काम होते. मात्र सर्वच्या सर्व तुकडे जोडू नयेत : 'यादी-15.08.2024.टार.जीझेड' या नावाच्या यादीत '.08', '.2024', '.टार' आणि '.जीझेड' असे चार घटक असतात. दुहेरी एक्स्टेंशने मोजकीच वापरात आहेत. नाव त्यांपैकी एखाद्याने संपते का हे 'एंड्सविथ'ने तपासणे अधिक भरवशाचे ठरते, आणि 'एंड्सविथ'ला एकाच वेळी अनेक पर्याय ट्यूपलच्या (गोल कंसातील यादीच्या) रूपात देता येतात.

प्रश्न : विंडोजवर पाथ बरोबर टंकूनही फाइल सापडत नाही, एक्स्टेंशन मात्र बरोबर येते. असे का?

विंडोजच्या पाथमध्ये बॅकस्लॅश असतो आणि पायथनच्या साध्या मजकुरात बॅकस्लॅश व त्यापुढचे अक्षर मिळून कधीकधी वेगळाच अर्थ होतो. आपल्या जिल्ह्यात तालुक्यांच्या नावांनी फोल्डर करण्याची पद्धत असल्याने हा घोळ येथे चांगलाच जाणवतो. लहान रोमन अक्षरांत लिहिलेले नागपूर आणि नरखेड 'एन'ने सुरू होतात. बॅकस्लॅशनंतर 'एन' आला की पायथन त्या दोहोंच्या जागी नवी ओळ घालते. रामटेकचा 'आर' कर्सरला ओळीच्या आरंभी नेणारे चिन्ह होतो. भिवापूरचा 'बी' बॅकस्पेस होतो. उमरेडची गत आणखी वेगळी आहे : बॅकस्लॅश आणि 'यू' यांच्यापुढे युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) मधील क्रमांकाचे चार अंक येतील अशी पायथनची अपेक्षा असते, ते न आल्यामुळे प्रोग्रॅम सुरूच होत नाही आणि वाक्यरचनेची चूक दाखवली जाते. कामठी, काटोल, कुही, कळमेश्वर, हिंगणा, मौदा, सावनेर, पारशिवनी या नावांची आद्याक्षरे विशेष अर्थाची नसल्याने ती शाबूत राहतात, पायथन 3.12 पासून तेथेही ठळक ताकीद दिली जाते. पहिले अक्षर मोठे असेल तर यादी बदलते : भिवापूर आणि रामटेक सुटतात, पण मोठा 'एन' आणि मोठा 'यू' हे दोघेही चूक दाखवतात.

म्हणजे काटोलच्या फोल्डरवर तपासून पाहिलेला प्रोग्रॅम नरखेडच्या फोल्डरवर अडखळतो आणि उमरेडसाठी सुरूदेखील होत नाही. यातील मधला प्रकार सर्वांत फसवा असतो. पाथमध्ये नवी ओळ घुसलेली असली तरी शेवटच्या टिंबानंतरचा भाग जागेवर असल्यामुळे 'सफिक्स' बरोबर उत्तर देते आणि चूक फाइल उघडण्याच्या क्षणापर्यंत लपून राहते.

उपाय दोन आहेत. अवतरणचिन्हाच्या आधी 'आर' लिहून मजकूर कच्चा ठेवावा, किंवा विंडोजवरही साधी तिरकी रेघ वापरावी, जी पायथनला तेथे चालते. आम्ही दुसरा उपाय पसंत करतो, कारण कच्च्या मजकुराचा शेवट एकट्या बॅकस्लॅशने करता येत नाही आणि फोल्डरचा पाथ लिहिताना नेमका तोच मोह होतो. पाथ वापरकर्त्याने टंकलेला असेल किंवा फाइलमधून वाचलेला असेल, तर ही अडचण येत नाही. ती फक्त प्रोग्रॅमच्या आत लिहिलेल्या मजकुराची आहे.

प्रश्न : विंडोजवर तयार झालेली पाथांची यादी लिनक्स सर्व्हरवर वाचताना विचित्र एक्स्टेंशने मिळतात.

लिनक्सवर बॅकस्लॅश हा फोल्डर वेगळे करणारा नसून नावातील एक साधे अक्षर आहे, त्यामुळे 'डी:\अहवाल.जुने\यादी' हे सगळे तेथे एकच नाव ठरते आणि एक्स्टेंशन '.जुने\यादी' असे येते. अशा वेळी 'पाथ'च्या जागी 'प्युअरविंडोजपाथ' वापरावे. ते कोणत्याही यंत्रावर विंडोजच्या नियमांनी विचार करते. उलट दिशेसाठी 'प्युअरपॉझिक्सपाथ' आहे.

प्रश्न : मोठ्या व लहान अक्षरांचे काय?

कॅमेरे आणि स्कॅनर अनेकदा '.जेपीजी' मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि पायथनसाठी ते लहान अक्षरांतील एक्स्टेंशनपेक्षा वेगळे असते. तुलनेपूर्वी 'लोअर' लावावे. 'ग्लॉब'ने फाइली शोधताना विंडोजवर हा भेद पाळला जात नाही, लिनक्सवर पाळला जातो. म्हणून घरच्या लॅपटॉपवर पूर्ण आलेली यादी सर्व्हरवर अपुरी येते. पायथन 3.12 पासून 'ग्लॉब'ला 'केस_सेन्सिटिव्ह' हा पर्याय देऊन हे आपल्याला हवे तसे ठरवता येते.

प्रश्न : एक्स्टेंशन काढून टाकायचे किंवा बदलायचे असल्यास?

काढण्यासाठी 'विथ_सफिक्स' ला रिकामा मजकूर द्यावा, बदलण्यासाठी टिंबासकट नवे एक्स्टेंशन द्यावे. टिंब न दिल्यास चूक दाखवली जाते. ही आज्ञा फक्त नवा पाथ तयार करून देते, डिस्कवरील फाइलला हात लावत नाही. फाइलचे नाव खरोखर बदलण्यासाठी 'रिनेम' लागते, आणि ते करताना त्या नावाची फाइल आधीच असेल तर विंडोजवर चूक दाखवली जाते, पण लिनक्सवर आधीची फाइल काहीही न विचारता पुसली जाते. नाव बदलल्याने मजकुराचे स्वरूप बदलत नाही, हेही सांगणे भाग आहे, '.जेपीजी'चे '.पीडीएफ' केल्याने चित्राची पीडीएफ होत नाही.

'आरस्ट्रिप' मात्र या कामासाठी मुळीच वापरू नये. त्याला दिलेला मजकूर सलग शेपूट म्हणून न पाहता सुट्या अक्षरांचा संच म्हणून पाहिला जातो आणि शेवटून त्या संचातील अक्षरे मिळत राहतील तोवर ती खुडली जातात. रोमनमध्ये लिहिलेले 'दिवस.सीएसव्ही' घ्या. '.सीएसव्ही' काढताना टिंब, सी, एस, व्ही या चारांचा संच बनतो. एक्स्टेंशन गेल्यावर 'दिवस'मधील शेवटचा एसही त्याच संचात सापडतो, तोही जातो आणि दिवसाचा 'दिवा' उरतो. पायथन 3.9 पासून यासाठी 'रिमूव्हसफिक्स' आहे, ते सांगितलेले शेपूट तंतोतंत जुळले तरच आणि एकदाच काढते.

प्रश्न : एकाच नावाच्या '.पीडीएफ' आणि '.सीएसव्ही' फाइलींच्या जोड्या लावायच्या आहेत. नावे डोळ्यांना सारखी दिसतात, पण 'स्टेम' जुळत नाही.

अशा जोड्या 'स्टेम'वरून लावणे योग्यच आहे. न जुळण्याचे कारण बहुधा युनिकोडमध्ये असते, आणि मराठीत त्याचा सर्वांत मोठा ठिकाणा म्हणजे 'ऱ्य'. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातील अर्धा र तीन प्रकारे साठवलेला आढळतो : ऱ हे एकच चिन्ह (यू+0931) व त्यापुढे हलंत, र (यू+0930), नुक्ता (यू+093सी) व हलंत, किंवा साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह (यू+200डी). पडद्यावर तिन्ही एकसारखी दिसतात.

पहिली दोन रूपे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस व्यवस्थेत नावे विघटित रूपात साठवली जात, त्यामुळे तेथून आलेल्या फाइलींत दुसरे रूप भेटते. 'युनिकोडडेटा' मोड्यूलमधील 'नॉर्मलाइझ' ही आज्ञा 'एनएफसी' पर्यायासह दोन्ही 'स्टेम'वर चालवली की ती एकरूप होतात. तिसरे रूप मात्र या प्रक्रियेने बदलत नाही, कारण युनिकोड त्याला समतुल्य मानतच नाही. त्यासाठी र, हलंत आणि जोडचिन्ह हा क्रम शोधून त्याजागी ऱ व हलंत ठेवण्याची एक ओळ स्वतः लिहावी लागते. ती लिहिताना नावातील सर्वच अदृश्य जोडचिन्हे सरसकट काढून टाकू नयेत. तसे केल्यास अर्धा र जाऊन साधा रफार येतो आणि 'शेतकर्यांची' असे अशुद्ध नाव तयार होते.

एक्स्टेंशनच्या बाजूला असाच एक अदृश्य पाहुणा असतो : शेवटी राहिलेली रिकामी जागा. यादीतून वाचलेल्या नावावर आधी 'स्ट्रिप' चालवावे.

प्रश्न : इंटरनेटवरील पत्त्यावरून एक्स्टेंशन काढता येते का?

थेट काढू नये. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढचे तपशील असतील तर तेही एक्स्टेंशनमध्ये येतात, आणि फाइलचे नावच नसेल तर संकेतस्थळाच्या नावातील '.कॉम' हे एक्स्टेंशन म्हणून मिळते. 'युआरएललिब.पार्स'मधील 'युआरएलस्प्लिट'ने पत्त्याचा पाथ हा भाग वेगळा करावा, 'अनकोट'ने टक्केचिन्हांच्या रूपातील देवनागरी पूर्ववत करावी आणि मग 'प्युअरपॉझिक्सपाथ'कडे द्यावे.

प्रश्न : एक्स्टेंशनवरून फाइलचा प्रकार खात्रीने सांगता येतो का?

नाही. 'माइमटाइप्स' हे मोड्यूलसुद्धा केवळ नाव पाहून अंदाज करते. खात्री हवी असल्यास फाइलचे पहिले काही बाइट वाचावेत. पीडीएफची सुरुवात टक्केचिन्ह, त्यापुढे पीडीएफ ही तीन मोठी अक्षरे आणि आडवी रेघ यांनी होते. जेपीईजीचे पहिले तीन बाइट सोळांच्या पद्धतीत एफएफ, डी8, एफएफ असतात. पीएनजीची खूण आठ बाइटांची आहे. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते, आणि '.डॉक्सएक्स' व '.एक्सएलएसएक्स' या मुळात झिपच असल्याने त्याही तशाच सुरू होतात. त्यांना एकमेकींपासून ओळखण्यासाठी आत डोकवावे लागते. चित्रांचा प्रकार ओळखणारे 'आयएमजीएचडीआर' हे जुने मोड्यूल पायथन 3.13 मधून काढून टाकले आहे, म्हणून जुन्या पुस्तकांतील ते उदाहरण आता चालणार नाही.

लोकांकडून फाइली स्वीकारणाऱ्या संकेतस्थळावर तर ही तपासणी हवीच. विंडोज परिचित एक्स्टेंशने लपवून ठेवते, त्यामुळे 'पगारपत्रक.पीडीएफ.एक्झी' ही फाइल उघडणाऱ्याला 'पगारपत्रक.पीडीएफ' अशी दिसते. याहून धूर्त प्रकारात मजकूर उजवीकडून डावीकडे वळवणारे अदृश्य चिन्ह (यू+202ई) नावात घातलेले असते आणि एक्स्टेंशन नावाच्या मध्येच असल्यासारखे भासते. पायथनचे 'सफिक्स' या दोन्हींना फसत नाही, कारण ते पडद्यावरील रूप न पाहता साठवलेला क्रम पाहते. पण जेथे तपासणी नजरेने होते तेथे धोका कायम राहतो.

प्रश्न : इतर भाषांत हेच नियम लागू पडतात का?

जवळपास, पण कडेच्या प्रसंगी नाही. नोडच्या 'एक्स्टनेम'चे वागणे बरेचसे 'स्प्लिटेक्स्ट'सारखे आहे. गो भाषेतील 'एक्स्ट' आणि डॉटनेटमधील 'गेटएक्स्टेंशन' यांना '.बॅशआरसी' हे संपूर्ण नाव एक्स्टेंशन वाटते. रस्ट आणि पीएचपी उत्तर टिंबाविना देतात; रस्टमध्ये 'एक्स्टेंशन नाही' आणि 'एक्स्टेंशन रिकामे आहे' ही दोन वेगळी उत्तरे असतात, आणि आमच्या मते हीच सर्वांत स्वच्छ रचना आहे. एका भाषेतील प्रोग्रॅम दुसरीत उतरवताना टिंब येते की नाही आणि छुप्या फाइलीचे काय होते, हे आधी तपासावे.

प्रश्न : एका मोठ्या फोल्डरमध्ये कोणत्या प्रकारच्या किती फाइली आहेत, हे कसे मोजावे?

'आरग्लॉब' ला तारांकन देऊन आतील सर्व नोंदी घ्याव्यात, 'इझ_फाइल'ने फोल्डर वगळावेत, नाहीतर 'जि. नागपूर' पुन्हा मोजणीत येईल, आणि प्रत्येकाचे लहान अक्षरांतील 'सफिक्स' 'कलेक्शन्स'मधील 'काउंटर'कडे सोपवावे.

मोजणी = काउंटर(प.सफिक्स.लोअर() फॉर प इन पाथ('दप्तर').आरग्लॉब('*') इफ प.इझ_फाइल())

ही पहिली मोजणी ज्ञात संचाची गाळणी न लावता करावी. 'मोस्ट_कॉमन'ने उतरत्या क्रमात छापलेल्या यादीच्या तळाशी एकदाच आलेली एक्स्टेंशने जमा होतात : तारखांचे तुकडे, संक्षेपांनंतरचे शब्द, शेवटी रिकामी जागा असलेले '.पीडीएफ', क्वचित एखादे चुकीचे टंकलेले '.पीएफडी'. ती ओळीने वाचून पाहावीत, नावे दुरुस्त करायची की प्रोग्रॅममध्ये अट घालायची हे ठरवावे, आणि मगच ज्ञात एक्स्टेंशनांचा संच पक्का करावा.